गायकाचे एकतीस तास

३ जानेवारी

ताई,

साष्टांग नमस्कार घालणार होतो, पण वीस वर्षं पेशंटच्या तोंडात वाकून कंबर गेली आहे, तेव्हा अर्धाच घालतो. उरलेला अर्धा काम झाल्यावर.

काम असं की आमच्या बँडचा अल्बम करायचं ठरलं आहे. तू छापखान्यात बसून तीस वर्षं परक्यांच्या पुस्तकांची अंदाजपत्रकं करतेस, तर सख्ख्या भावाच्या गाण्यांचं करायला हरकत नसावी. फोनवर विचारलं तर म्हणालीस, "तोंडी अंदाज मी देत नाही, कागद पाठव." हा घे कागद.

बँड म्हणजे तुला माहीत आहेत तेच चौघं. दवाखान्याखालचा केमिस्ट गिटारवर, विमेवाला ड्रमवर, शाळेतल्या भूगोलाच्या बाई व्हायोलिनवर, आणि शब्द, चाल, गायन मी. वीस वर्षं दर रविवारी माझ्या दवाखान्यात वाजवतो. दातांच्या डॉक्टरकडे माणसं आपण होऊन, हसत येतात अशी आठवड्यातली ती एकच वेळ.

स्टुडिओ पाहून आलो. गॅरेजच्या मागे आहे. आत भिंतींना स्पंज, दाराला एवढी जाडी की बाहेर गाडीचा पत्रा ठोकतात तेही कळत नाही. रेकॉर्डिस्ट फार बोलत नाही. रविवारी फोनवर टेप केलेली गाणी त्याने डोळे मिटून ऐकली. मग विचारलं, "गाणार तुम्हीच?" म्हटलं, मीच. त्याने एक गाणं पुन्हा लावून ऐकलं. माणूस दर्दी दिसतो. मग कागद ओढून आठ गाण्यांचा हिशोब तासांत लिहून दिला. ड्रम आठ तास, गिटार सहा, व्हायोलिन पाच, गायन एकतीस, शेवटचं मिक्सिंग सोळा. एकूण सहासष्ट.

पाहिलंस? गिटारला सहा आणि गायकाला एकतीस. मी हा कागद बँडमध्ये मोठ्याने वाचला नाही. माणसं दुखावतात.

किरकोळ खर्चाची यादी मी मागच्या बाजूला लिहिली आहे. बघून सांग. नव्या खुर्चीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांना हात न लावता हे बसवायचं आहे, नाहीतर तुझी वहिनी मलाच त्या खुर्चीत बसवून माझे दात काढेल.

तुझा,
भोंगू

&nbsp;

१२ जानेवारी

प्रिय भोंगू,

अर्धा नमस्कार पोचला. अर्धा आशीर्वाद घे.

तुझी किरकोळ यादी वाचली. छापखान्यातल्या दोघांना वाचून दाखवली, त्यांचाही दिवस बरा गेला. "मुखपृष्ठासाठी छायाचित्र: गायक, एकटा, खिडकीत." बँड चौघांचा, खिडकी एकट्याची. ती कापली. "मध, ज्येष्ठमध, गरम पाण्याचा थर्मास, मफलर दोन." गळा एक असताना मफलर दोन का, हे न कळल्यामुळे दोन्ही कापले. "प्रकाशन समारंभ, पाहुणे दोनशे." दोनशे माणसं तू कुठून आणणार? भूल देऊन?

आता मोठा हिशोब. ड्रमचे आठ तास बरोबर वाटतात, मी चौकशी केली. त्यात प्रत्येक ड्रमपुढे माइक लावण्यातच तीन जातात. गिटार, व्हायोलिन ठीक. मिक्सिंग जरा जास्त आहे, पण त्याचं कारणही बहुतेक त्या एकतीसमध्येच आहे.

तर एकतीस. भोंगू, आमच्याकडे एखाद्या पुस्तकाचा अंदाज असा आला, की जुळणी चार दिवस आणि प्रुफं दुरुस्त करायला तीस दिवस, तर आम्ही लेखकाला हार घालत नाही. आम्ही ते हस्तलिखित उघडून बघतो.

तुझ्या रेकॉर्डिस्टने "गायन" या शब्दापुढे कंसात काही लिहिलं आहे आणि त्यावर तुझ्या चहाच्या कपाचा डाग पडला आहे. तिथे काय आहे ते कळव. मला तो शब्द "दुरुस्तीसह" असा दिसतो, पण माझा चष्मा जुना आहे.

ताई

&nbsp;

१९ जानेवारी

ताई,

तुझा चष्मा शाबूत आहे. "दुरुस्तीसह" असंच आहे. आणि तू दिलेला दाखला मला तंतोतंत पटला. लेखक मोठा असला की प्रुफं पुन्हा पुन्हा बघावी लागतात, कारण अशा पुस्तकात एक काना चुकलेला चालत नाही. आमच्या गाण्यांचं तेच. शब्दांवर भर आहे, तेव्हा आवाज घासूनपुसून घ्यावा लागणार. रेकॉर्डिस्टला मी म्हटलंसुद्धा, "एकतीस पुरतील ना?" तो म्हणाला, "बघू."

काटकसर सुरू केली आहे. तूच म्हणालीस, ड्रमच्या आठांतले तीन तास नुसते माइक लावण्यात जातात. स्टुडिओत ड्रमचं मशीन आहे, रेकॉर्डिस्ट बसल्या बसल्या तीन तासांत आठही गाण्यांचे ठेके भरून देतो. म्हणजे पाच तास वाचले. विमेवाल्याला समजावून सांगितलं. समजूतदार माणूस, ड्रमच्या काठ्या उचलून निघून गेला. रविवारी आला नाही, काम असेल.

मफलर मी स्वखर्चाने घेतला आहे. एकच.

भोंगू

&nbsp;

२७ जानेवारी

प्रिय भोंगू,

मोठ्या लेखकाबद्दल मी काहीही म्हटलं नव्हतं. माझं पत्र परत काढ आणि मफलर सोडून वाच.

वीस वर्षं तुझ्यामागे ठेका धरणारा माणूस तू पाच तासांसाठी घालवलास. बचत म्हणून वहीत चांगली दिसते. तो रविवारी कामामुळे आला नाही असं तुला वाटतंय, हे वाचून मला पहिल्यांदा तुझी काळजी वाटली.

आता सरळ विचारते. तुझं गाणं आजवर कोणी कोणी ऐकलं? रविवारचे तिघे, ते मित्र आहेत. वहिनी, तिला घरात राहायचं आहे. आणि पेशंट. वीस वर्षं तू त्यांच्या दाढा कोरताना गातोस आणि त्यांतल्या एकाचंही तोंड गाणं संपेपर्यंत मोकळं नसतं. कापूस, नळी, आरसा आणि तुझी दोन बोटं तोंडात असलेला माणूस दाद देत नाही, आणि उठूनही जात नाही. त्याला श्रोता म्हणत नाहीत.

एक गोष्ट मात्र लेखी देते, आणि मी लेखी सहजासहजी देत नाही. तुझे शब्द चांगले आहेत. तू मागे लिहून पाठवलेलं विसरलेल्या छत्र्यांवरचं गाणं मी दुपारच्या सुट्टीत वाचलं आणि नंतर तासभर एका कॅटलॉगचे आकडे चुकत होते. शब्द तुझे, चाल तुझी आणि आवाज दुसऱ्या कोणाचा, असंही करतात. मोठी माणसं करतात.

पुढे काही कापण्याआधी रेकॉर्डिस्टला एवढंच विचार: एकतीस कशासाठी?

ताई

&nbsp;

११ फेब्रुवारी

ताई,

आवाज दुसऱ्याचा. म्हणजे दाढ मी काढायची आणि फी शेजारच्या न्हाव्याने घ्यायची. सूचनेबद्दल आभारी आहे.

इथे बरंच घडलं, क्रमाने सांगतो. स्टुडिओतल्या कीबोर्डमध्ये व्हायोलिनचा आवाज निघतो. तो भरायला चार तास, बाईंना लागणार होते पाच. तास वाचतो तर का सोडा, म्हणून बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "तुमची खात्री आहे ना? व्हायोलिनशिवाय गाता येईल?" म्हटलं, गाण्याला टेकू कशाला लागतो. त्या म्हणाल्या, "बरं," आणि मला वह्या तपासायच्या आहेत म्हणून फोन ठेवला.

मग गेल्या गुरुवारी एक तासाची चाचणी झाली. केमिस्ट गिटार घेऊन, मी काचेच्या खोलीत. कानांवर ते मोठे हेडफोन. मी त्यात स्वतःला ऐकलंच नाही, डोळे मिटून गात होतो. दोन गाणी झाली. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट कपाळाला हात लावून बसला होता. मला वाटलं, भारावला.

बाहेर आलो तर नवा कागद तयार. मशीनचे ठेके तीन, गिटार सहा, कीबोर्ड चार, मिक्सिंग सोळा आणि गायन चव्वेचाळीस. एकूण त्र्याहत्तर. दोन माणसं कमी केली आणि सात तास वाढले. हा कोणत्या गावचा हिशोब? सरळ लूट आहे. मी तसं म्हणालो. त्यावर केमिस्ट गिटारचा पट्टा काढत म्हणाला, "तू आणखी कोणाला कमी करायच्या आधी मीच जातो. तेवढाच तुझा एक फोन वाचेल." वीस वर्षांची मैत्री, आणि खाली भेटला तर आता नुसती औषधाची पट्टी पुढे सरकवतो.

तेव्हा मी ठरवलं आहे. खुर्चीचे पैसे मोडतो. बायकोला अजून सांगितलेलं नाही. जुनी खुर्ची मध्येच अडकते, पेशंट आडवा झाला की उभा होत नाही, पण चालवून घेईन. दुसऱ्या कोणाकडून गिटार वाजवून घेईन. सोमवारी पैसे भरणार.

आणि तू तरी असं बोलायला नको होतंस. बाकी कोणी काहीही म्हणो. मी सात वर्षांचा असताना मोरीत गात होतो, तेव्हा दारात उभी राहून "तू छान गातोस" असं म्हणणारी तूच होतीस. घरातली पहिली दाद तुझी. ती तू परत घेतेस असं वाटलं.

भोंगू

&nbsp;

१४ फेब्रुवारी

भोंगू,

हे पत्र रजिस्टर्ड करतेय, म्हणजे सोमवारच्या आत मिळेल आणि मिळालं नाही असं तुला म्हणता येणार नाही.

पैसे भरू नकोस. रेकॉर्डिस्ट लुटत नाहीये. आकडे मला वाचता येतात, तेवढं एकच काम मला आयुष्यात नीट येतं. व्हायोलिन काढल्यावर गायन तेरा तासांनी वाढलं, याचा अर्थ इतकी वर्षं बाई तुझ्या आवाजाखाली हात धरून चालत होत्या. तो हात तू काढलास आणि चाचणीत रेकॉर्डिस्टला सगळं उघडं ऐकू आलं. चव्वेचाळीस तास हे तुझा एकेक सूर उचलून जागेवर ठेवायचे आहेत.

तू बेसूर आहेस. थोडासा नाही. पहिल्या पत्रापासून मी हे सांगायला कधी प्रुफं पुढे करतेय, कधी चष्मा. टोमणे मारणं सोपं असतं, माणसाला हवं तर कळू नये अशी त्यात सोय असते, आणि तुला कळू नये असंच मलाही वाटत असणार.

मोरीचं सांगते. तुला त्यातलं गाणं आठवतं, मला त्याच्या आधीचे चार महिने आठवतात. तू बोलताना अडखळायचास. "प" आला की तिथेच. वर्गात तुला उभं करून धडा वाचायला लावला आणि सगळा वर्ग हसला, त्यानंतर तू बोलायचाच थांबलास. पाणी हवं असलं तरी बोट दाखवायचास. आई रात्रंदिवस चिंतेत. आणि त्या दिवशी अंघोळ करताना तू मोठमोठ्याने गायला लागलास. मी दाराबाहेर उभी राहिले. एकही सूर जागेवर नव्हता, भोंगू, आणि एकाही शब्दावर तू अडखळला नव्हतास. अख्खं कडवं, एका दमात.

मी चौदा वर्षांची होते. मला जे सुचलं ते मी म्हणाले. मग आईला तंबी दिली, बाबांना दिली, पाहुण्यांना दाराशीच गाठून दिली, की हा गायला लागला तर कौतुक करायचं. तू गायलास, आणि हळूहळू बोलायलाही लागलास. मला वाटलं, मोठा झाला की त्याचं त्याला कळेल, दुधाचे दात पडतात तसं. ते पडले नाहीत. नंतर सांगायची हिंमत झाली नाही आणि पुढे पुढे तर मला सोयीचंच झालं, लांब राहत होते.

तेव्हा दाद खोटी होती. पण ती मी तुझ्या गाण्याला दिलीच नव्हती. तू बोललास, त्याला दिली होती.

राग आला तर धर. खुर्ची मात्र घे.

ताई

&nbsp;

९ मार्च

ती. वन्संना,

नमस्कार. हे लिहीत नाहीत म्हणून मी लिहिते. लिहिते हे त्यांना माहीत नाही. आमच्या घरात सध्या कोणाला काय माहीत आहे याचीच एक वही ठेवावी लागेल.

तुमचं पत्र आलं तेव्हा बाहेर चार पेशंट बसले होते. ह्यांनी उभ्या उभ्या वाचलं, घडी घातली, पकडींच्या खणात ठेवलं आणि पुढच्याला बोलावलं. पैसे भरले नाहीत. खुर्चीचे पैसे मोडणार होते हे मला तुमच्या पत्रावरून कळलं, खण उघडला तेव्हा. त्याबद्दल मी त्यांच्याशी नंतर बोलणार आहे, आत्ता माणूस पडलेला आहे, पडलेल्याला मारत नाहीत.

तेव्हापासून गाणं बंद. मी बाहेर नंबर लावायला बसते, मला शांततेची सवयच नाही. पेशंट विचारतात, "डॉक्टरांची तब्येत बरी नाही का?" एक आजोबा तर म्हणाले, "गायचे तेव्हा मी त्यांच्या गाण्याकडे लक्ष द्यायचो, दाढेकडे लक्ष जायचं नाही. गाण्यापेक्षा दाढ बरी वाटायची." यातलं दुसरं वाक्य कौतुकाचं आहे की नाही ते मी ठरवलेलं नाही.

पण वन्सं, ह्यांचं अडखळणं परत आलं आहे. मला लग्नानंतर अधूनमधून एखाद्या शब्दाला जाणवायचं, बाकी वेळ गुणगुणत काम चालायचं. परवा पेशंटला "थुंका" म्हणायचं होतं. "थु" वर अडकले. पेशंट बिचारा गाल फुगवून बसलेला, हे लालबुंद. शेवटी मी बाहेरून येऊन "थुंका" म्हणाले.

तुम्ही सगळा दोष एकट्या घेतलात, थोडा मलाही ठेवा. मला लग्नाआधीपासून माहीत होतं. पहिल्या भेटीत गाणं म्हणाले होते. मी म्हटलं, एवढं वाईट गाणारा माणूस एवढ्या मनापासून गातो, म्हणजे खोटं बोलायची अक्कल त्याच्याकडे नसणार. खुर्चीपर्यंत ते खरंही होतं.

तुम्ही लगेच येऊ नका. आलात की हे तुमच्यासमोर बरं असल्याचं सोंग करतील.

तुमची,
वहिनी

&nbsp;

२ एप्रिल

ताई,

नमस्कार नाही. अर्धाही नाही.

तुझं पत्र मी तीन आठवडे खोटं ठरवत होतो. मग गॅरेजमागे गेलो आणि रेकॉर्डिस्टला म्हटलं, चाचणीतलं गाणं काहीही दुरुस्ती न करता ऐकव. हे एवढं म्हणायला मला किती वेळ लागला ते सोड. त्याने लावलं. गिटार छान होती. शेजारी कोणीतरी फर्निचर सरकवत होतं. मी विचारलं, "हे कोण?" तो म्हणाला, "तुम्ही."

पूर्ण ऐकलं. मग त्याला म्हटलं, आधी का नाही सांगितलं? म्हणाला, "पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तासांत. तोंडावर सांगायची माझी पद्धत नाही." तुम्ही दोघं एकाच शाळेतले दिसता. त्या अर्ध्या तासाचे त्याने पैसे लावले.

मग माफीचा दौरा केला. विमेवाल्याने मला बसवलं आणि पाऊण तास एका पॉलिसीची माहिती दिली. मी शिक्षा समजून ऐकली. सही करून बाहेर पडलो तेव्हा म्हणाला, "रविवारी किती वाजता?" केमिस्टने औषधांची पट्टी या वेळी हातात दिली. बाईंकडे गेलो तर त्या वह्या तपासत होत्या, आणि तपासता तपासता छत्र्यांचं गाणं गुणगुणत होत्या. मी दारातच थांबलो. ताई, मी ते गाणं केलं तेव्हा माझ्या डोक्यात जे वाजलं होतं ते हे होतं. वीस वर्षं मला वाटत होतं की माझ्या तोंडून तेच बाहेर पडतंय.

त्या म्हणाल्या, "मी नेहमी अर्धा ठोका आधी वाजवायचे, म्हणजे तुम्हाला सूर सापडावा. कधी कधी सापडायचा."

नवा कागद सोबत आहे. ड्रम आठ, गिटार सहा, व्हायोलिन पाच, गायन नऊ, मिक्सिंग बारा. चाळीस. गायन: बाई. खुर्चीला हात लागत नाही. मंजुरी कळव, बाकी काही लिहू नकोस.

भोंगू

&nbsp;

८ एप्रिल

मंजूर.

ताई

&nbsp;

२० मे

ताई,

रेकॉर्डिंग संपलं. चाळीसचे एक्केचाळीस तास झाले, त्यातला एक माझ्यामुळे. कसा ते तूच लावून धरशील म्हणून सांगतो.

शेवटच्या दिवशी वेटिंग रूमचं गाणं होतं. घाबरलेली एक पेशंट प्रत्येकाला "तुम्ही आधी जा, मला घाई नाही" म्हणत स्वतःचा नंबर पुढे ढकलत राहते, ते. बाई काचेच्या खोलीत, मी रेकॉर्डिस्टशेजारी. दोनदा गायल्या, सुरात होतं, पण बसत नव्हतं. त्यांनी हेडफोन काढले आणि काचेतून माझ्याकडे बघत विचारलं, "ही ओळ भीतीने म्हणायची की सभ्यपणाने?"

रेकॉर्डिस्टने माझ्यापुढे बटण सरकवलं. ते दाबून बोललं की आत ऐकू जातं. दाबलं. मला उत्तर माहीत होतं, सगळं वाक्य समोर दिसत होतं. "भी" वर अडकलो. सोडून दिलं, पुन्हा दाबलं, पुन्हा अडकलो. आत स्पंजच्या भिंती, तिथे अडखळणंसुद्धा स्वच्छ ऐकू येतं. भिंतीवर घड्याळ, त्याच्याखाली तासाचा दर लिहिलेला. एरवी अशा वेळी मी गुणगुणायला लागलो असतो. ते आता जमत नाही, मला ऐकू येतं.

विमेवाला मागच्या बाकावर पॉलिसीचे कागद चाळत राहिला. केमिस्ट गिटारच्या तारा पुसत होता, पुसत राहिला. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं नाही, वाक्य माझ्यासाठी पूर्णही केलं नाही. रेकॉर्डिस्टने खुर्ची मागे घेतली आणि चहा प्यायला.

मग मी सांगितलं. "भीतीने. पण ती भीती सभ्यपणाने झाकलेली. ती खरंच लोकांवर उपकार करतेय असं तिला स्वतःलाही वाटतंय." एवढ्या तीन वाक्यांना मला किती वेळ लागला माहीत नाही. पुढच्या प्रत्येक ओळीला त्यांनी असंच काहीतरी विचारलं, मी असंच सांगितलं, आणि त्यात तो तास गेला. गाणं तू ऐकशीलच. मला सांगायची गरज नाही.

खुर्ची परवा आली. पेशंट आडवा होतो आणि उठूनही बसतो. मी आता न गाता काम करतो. "थुंका" म्हणायला वेळ लागतो, लोक थांबतात. त्यांच्याकडे दुसरा उपाय नसतो, हे तू म्हणण्याआधी मीच म्हणतो.

राहिला आपला हिशोब. तू मला खोटं सांगितलंस, त्याने मी बोलायला लागलो, हे मला मान्य आहे. पुढची चव्वेचाळीस वर्षं ते तसंच चालू ठेवलंस, हे मान्य नाही. हे काही मी पत्रात लिहून संपवणार नाही, पत्रात मी फार सफाईदार बोलतो. जूनमध्ये चार दिवस सुट्टी काढून ये. पाहुण्यांच्या खोलीत झोप, वहिनीच्या हातचं खा, आणि संध्याकाळी माझ्यासमोर बैस. मला तुझ्यावर जे रागवायचं आहे ते मी तोंडाने सांगणार आहे. मध्ये अडकेन. तू शब्द पुरवायचा नाहीस.

भोंगू